ज्याचं गाणं, त्याच्याच तोंडून

आवडत्या गायिकेला एकदा तरी समोर बसून ऐकावं, असं कुणाला वाटत नाही? पण आवडतं गाणं ज्यानं लिहिलं त्या माणसाला पाहावं, ऐकावं, असं आपल्यापैकी किती जणींना वाटतं? आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागली की निवेदिका आधी गीतकाराचं नाव सांगायची, मग संगीतकाराचं, मग गाणाऱ्याचं. नेमकं त्याच वेळी आपलं लक्ष उतू जाणाऱ्या दुधाकडे! गाणं सुरू झालं की मात्र हातातलं लाटणं थांबायचं. मग दिवसभर तेच शब्द ओठांवर. आणि शब्द कुणाचे, असं कुणी विचारलं, तर आपण खुशाल गाणाऱ्या बाईंचं नाव सांगून मोकळ्या!

आम्हा खानदेशच्या बायकांना मात्र एक गीतकार नावानिशी ठाऊक होते. ते म्हणजे ना. धों. महानोर. त्यांचं पळसखेड अजिंठ्याच्या डोंगराजवळ, सोयगाव तालुक्यात. नकाशात ते मराठवाड्यात पडतं खरं. पण त्यांची शाळा शेंदुर्णीची आणि कॉलेज जळगावचं, म्हणून आम्ही त्यांना आमच्यातलेच धरत आलो. जन्म १६ सप्टेंबर १९४२ चा, शेतकऱ्याच्या घरातला. कॉलेजचं एक वर्ष झालं आणि ते शिक्षण सोडून शेतीकडे परतले. १९६७ साली त्यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह आला, १९७० साली ‘वही’. पण खरं सांगायचं तर आमच्यासारख्या घरच्या बायकांपर्यंत ते पोचले सिनेमातून.

१९७७ साली जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर लोकांच्या आयुष्याचा. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे त्यात होते, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि गाणी महानोरांची. त्या गाण्यांनी काय जादू केली ते ज्यांनी तेव्हा ऐकली त्यांनाच ठाऊक! लग्नाच्या वरातीत तीच, गणपतीच्या मांडवात तीच. पुढे १९८७ चा ‘सर्जा’, १९९२ चा ‘एक होता विदूषक’, १९९४ चा ‘मुक्ता’ अशी कितीतरी चित्रपटांची गाणी त्यांनी लिहिली. पण मी सांगते आहे ती गोष्ट त्याआधीची, १९८३ च्या हिवाळ्यातली.

दोन दिवसांची रजा

आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. जळगावच्या नणंदेचं पत्र आलं. महानोरांचं काव्यवाचन आहे, वहिनी, यायचं असेल तर या, असं तिनं लिहिलं होतं. पत्र वाचून मी हरखले, पण घरात सांगायचं कसं? जत्रेला, लग्नाला, बारशाला बाई जाते ते सगळ्यांना समजतं. कविता ऐकायला म्हणून बाई धुळ्याहून जळगावला निघाली, हे आमच्या वाड्यात कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं. यजमान म्हणालेच, “एवढ्या लांब? आणि तेही नुसतं ऐकायला?”

सुटका केली ती सासूबाईंनी. “लेकीचं घर पाहून किती दिवस झाले, मीही येते,” एवढंच म्हणाल्या आणि विषय मिटला. सासूबाई आमच्या साक्री तालुक्यातल्या, घरात अहिराणीच बोलणाऱ्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कविता म्हणजे काय, असं त्यांनी मला विचारलंही नाही. मी दोन दिवसांची चटणी-भाजीची सोय करून ठेवली, दशम्या बांधून घेतल्या आणि पारोळा, एरंडोल करत एस.टी.नं आम्ही दोघी जळगावला उतरलो.

संध्याकाळी लवकर जाऊन सतरंजीवर पुढची जागा धरली. माझ्या मनात आपली सिनेमातली गाणी. वाद्यं असतील, निदान पेटी-तबला तरी असेलच, असं वाटत होतं. पाहते तर एक माणूस आणि एक ध्वनिक्षेपक! ना पेटी, ना ढोल.

आणि मग त्यांनी म्हणायला सुरुवात केली. कविता त्यांना तोंडपाठ. ज्यांनी ज्यांनी महानोरांना ऐकलं, ते सगळे सांगतात की ते कविता नुसती वाचत नसत, तिला तिची चाल लावून म्हणत. गवयाची चाल नव्हे ती. शेतातून परतताना माणूस स्वतःशीच काही गुणगुणतो ना, तशी. तान नाही, हरकत नाही. शब्द मात्र एकेक सुटा, निवडलेल्या धान्यासारखा.

सिनेमात तेच गाणं ऐकताना ढोल आपल्याला ओढून नेतो, आपण ठेक्याबरोबर पळत सुटतो. इथे पळायला काही नव्हतंच. त्यामुळे झालं असं, की शब्दांपाशी थांबता आलं. पाऊस, पाखरं, कणसात भरणारा दाणा, रात्रीचं चांदणं. हे सगळं त्यांच्या ओळींत येत होतं ते सजावट म्हणून नव्हे, ज्याला त्याची रोजची गाठ आहे अशा माणसाच्या बोलण्यातून. इतके दिवस जे शब्द मला ‘गाण्यातले’ वाटत होते, ते खरे कामाचे शब्द आहेत, हे मला त्या सतरंजीवर उमगलं. गीतकाराला प्रत्यक्ष ऐकण्याचं हे एक मोठं सुख आहे बरं का! गायिका गाण्याला उंचीवर नेते. लिहिणारा आपल्याला हात धरून गाणं जिथे उगवलं त्या जागी नेऊन उभं करतो.

मधेच शेजारी पाहिलं. सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत, पुढे वाकून ऐकत होत्या. हलक्या आवाजात त्यांनी मला विचारलं, हा माणूस शेती करतो का म्हणून. मी मान डोलावली. तशा त्या समाधानानं म्हणाल्या, “हाई ते आपलंच शे वं माय!” हे तर आपलंच आहे!

शेंगा सोलता सोलता

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी नणंदेच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सासूबाई बोलता बोलता थांबल्या आणि एक ओवी म्हणू लागल्या. एक झाली, दुसरी झाली. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती, पण त्यांना मी आरती सोडून काही म्हणताना ऐकलं नव्हतं. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि जात्याबरोबर ओव्याही मिटून गेल्या होत्या. मी पिशवीतली हिशेबाची वही काढली आणि मागच्या पानांवर लिहून घेऊ लागले.

माहेरच्या विहिरीची ओवी होती. आखाजीला भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला येतो, त्याची होती. आणि एक होती लहान मुलीच्या नावाची. नणंदेनं विचारलं, “माय, ही कोण?” सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्या यजमानांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अडीच वर्षांची होऊन देवीच्या साथीत गेली. घरात तिचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पोटच्या मुलांनाही ते ठाऊक नव्हतं. जात्यापाशी, पहाटे, कुणी ऐकत नसताना, तेवढं एक नाव त्या माउलीनं ओवीत घालून वर्षानुवर्षं जपलं होतं.

धुळ्याला परतल्यावर मी वही यजमानांपुढे ठेवली. “नुसतं ऐकायला?” असं विचारणाऱ्या त्या माणसानं ते पान वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आईजवळ जाऊन बसले. सासूबाईंनी पुढच्या दोन-तीन महिन्यांत आठवतील तशा चाळीसएक ओव्या सांगितल्या. आज त्या नाहीत. वही आहे.

एक व्यासपीठ, एक जातं

मैत्रिणींनो, पुढे हा विषय मनात घोळत राहिला आणि मी जळगावची जुनी माहिती वाचत गेले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटली आणि थोरामोठ्यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. आपण शाळेत शिकलो ते हेच बालकवी. केवढं भाग्य त्या सभेचं, नाही का?

आता गंमत पाहा. त्याच वर्षी, त्याच जळगावात, चौधरींच्या घरी एक सून नांदत होती. असोद्याची लेक, वय सत्तावीस, अक्षरओळख नाही. तिचं नाव बहिणाबाई. तिला संमेलनाचं आमंत्रण कोण देणार? जात्यावर दळताना, शेतात राबताना ती माउली ओव्या रचत राहिली. मुलगा सोपानदेव आणि घरातली मुलं त्या कागदावर उतरवून घेत. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. पुढे ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली, ती घरोघरी पोचली. आज जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. पण त्यांचं गाणं त्यांच्या तोंडून ऐकायला सभा कधी भरली नाही. ती वही लिहिली गेली नसती, तर आपल्या हाती काय उरलं असतं?

ही जाण महानोरांना होती, म्हणूनच स्वतः एवढे मोठे कवी असून त्यांनी आपल्या भागातली लोकगीतं ‘पळसखेडची गाणी’ म्हणून गोळा केली. त्यांच्याही आधी साने गुरुजींनी, जे आमच्या अमळनेरला शिक्षक होते, बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखावर ओव्या मिळवल्या. ‘पद्मश्री’ (१९९१) मिळालेले, ‘पानझड’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार (२०००) मिळालेले महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजी गेले. त्यांचं गाणं आता ध्वनिमुद्रणातूनच ऐकायचं. म्हणून म्हणते, जे आज आहेत त्यांना ऐकून घ्या. गावात कवी आला, गीतकार आला, की स्वयंपाक तासभर आधी उरका आणि जा. सासूला न्या, लेकीला न्या.

घरची गाणी कशी टिपाल?

आणि घरातल्या गीतकाराला विसरू नका. आपल्याकडे आखाजीला झोक्यावरची गाणी आहेत, भुलाबाईची आहेत, कानबाईची आहेत, लग्नात हळदीची आहेत. ती टिपायला फार शिक्षण लागत नाही. अनुभवानं सुचलेल्या चार गोष्टी सांगते.

“गाणं म्हणा बरं!” असं समोर बसवून सांगितलं की म्हातारी माणसं लाजतात. भाजी निवडताना, वाती वळताना, हाताला काम असताना विषय काढावा. गाणं आपोआप येतं.

जसं म्हटलं तसंच लिहावं. ‘शे’चं ‘आहे’ करू नये, अहिराणी-लेवा बोलीतला शब्द शुद्ध करायला जाऊ नये. न कळलेला शब्द खाली वेगळा लिहून त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा.

प्रत्येक गाण्याखाली कुणी म्हटलं, त्यांचं माहेर-सासर कोणतं, गाणं कोणत्या वेळी म्हणत, हे लिहावं. तारीख घालावी. आता प्रत्येकीच्या हाती मोबाइल आहे, तेव्हा आवाजही भरून ठेवावा, कारण चाल वहीत मावत नाही. पण नुसत्या मोबाइलवर विसंबू नये. वहीत एक प्रत हवीच.

आणि गाण्यात एखादं अनोळखी नाव आलं, तर घाईनं पुढे जाऊ नये. थोडं थांबावं. सांगणारीला सांगायचं असेल, तर ती सांगेल.

येत्या आखाजीला लेकीबाळी माहेरी येतील. पुरणपोळीचा बेत तर होईलच. त्याबरोबर घरातल्या थोरल्या बाईला मधे बसवा आणि एक कोरी वही जवळ ठेवा. रेघोट्यांची, साधी, कुठलीही चालेल.