शब्दसृष्टीचे दप्तर : कृत्रिम रहिवाशांच्या चिरस्थायी जगाचा कारभार

केवळ शब्दांनी रचलेले आणि संगणकावर चालणारे जग ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडातील इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये ‘मड’ या नावाच्या अशा एका जगाच्या रचनेस आरंभ केला व रिचर्ड बार्टल याने ते पुढे वाढविले. त्यात चित्रे नव्हती. खोलीचे वर्णन समोर उमटावे, खेळणाऱ्याने दिशेची आज्ञा टंकित करावी आणि पुढल्या खोलीचे वर्णन उमटावे, एवढाच व्यवहार. अनेक माणसे एकाच वेळी तेथे वावरत, हे मात्र त्याचे वैशिष्ट्य होते. तथापि हे जग वरचेवर मूळ स्थितीस आणले जाई. खेळाडूंचे गुण तेवढे टिकत. जगात झालेले बदल टिकत नसत.

बदलही टिकून राहतात अशा जगास चिरस्थायी म्हणावयाचे. पावेल कर्टिस याने १९९० पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात चालविलेले ‘लॅम्डामू’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील रहिवासी स्वतः खोल्या बांधीत, वस्तू घडवीत आणि त्या वस्तूंचे वर्तन ठरविणारे लहान प्रोग्रॅमही लिहीत. हे सारे जग संगणकाच्या मुख्य स्मृतीत असे व ठराविक अंतराने त्याची प्रत डिस्कवर उतरविली जाई. यंत्र मध्येच बंद पडले, तर अखेरच्या प्रतीनंतर घडलेले सर्व पुसले जाई. माणसांच्या वस्तीत ही हानी सोसण्यासारखी असते. माणसाला काय गेले ते आठवते, तो थोडी कुरकुर करतो आणि वस्तू पुन्हा घडवितो. त्याची स्मृती यंत्राबाहेर असते.

यंत्ररूप रहिवासीही या जगांत लवकरच आले. जेम्स अस्पनेस याने १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘टाइनीमड’ हे जग उघडले. मायकेल मॉल्डिन याने घडविलेली ‘ज्युलिया’ अन्य खेळाडूंप्रमाणेच त्यात प्रवेश करी, हिंडून खोल्यांचा नकाशा तयार करी, वाट चुकलेल्यास मार्ग सांगे आणि एकाचा निरोप दुसऱ्यास पोचवी. तिचे संभाषण बेतीव साच्यांचे असले, तरी तिचा नकाशा प्रत्यक्ष हिंडण्यातून सिद्ध झालेला होता, ही गोष्ट तिच्या वाक्चातुर्यापेक्षा अधिक मोलाची मानली पाहिजे.

२०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जून सुंग पार्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भाषाप्रतिमानावर चालणारे २५ रहिवासी ‘स्मॉलव्हिल’ नावाच्या गावात वसविले. प्रेक्षकास गाव चित्ररूप दिसे, परंतु रहिवाशांना ते शब्दांतूनच कळे. प्रत्येकाच्या अनुभवांची नोंद ठेवली जाई आणि घटना किती अलीकडची, किती महत्त्वाची व प्रसंगाशी किती संबद्ध, या तीन कसोट्यांवर आठवणी निवडून प्रतिमानापुढे मांडल्या जात. एका रहिवाशाने योजिलेल्या मेजवानीची वार्ता दोन कल्पित दिवसांत एकूण १३ जणांस कळली. बोलावलेल्या १२ जणांपैकी पाच हजर राहिले.

या प्रयोगातील चुका यशाहून अधिक बोधप्रद आहेत. वसतिगृहातील न्हाणीघर एकाच माणसापुरते होते. पण अशी न्हाणीघरे बहुधा अनेकांसाठी असतात या सामान्य समजुतीने काही रहिवासी आत कोणी असतानाही शिरत. संशोधकांनी सुचविलेला उपाय असा की, त्या जागेच्या वर्णनातच ‘एका व्यक्तीचे न्हाणीघर’ असे लिहावे. शब्दसृष्टीत वर्णन हाच कायदा असतो. तसेच प्रत्येक रहिवाशाजवळ गावाचा स्वतःचा नकाशा असे आणि त्याने जागा सोडल्यावर तो शिळा होई. दप्तर निराळे व रहिवाशाची समजूत निराळी, हा भेद तेथे हेतुपुरस्सर राखला होता.

हाच भेद राखणे हे चालकाचे मुख्य काम. शेतकरी बांध कोठेही सांगो, उतारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातूनच निघे. ‘दिवा लावला’ असे रहिवाशाने म्हटल्याने दिवा लागता कामा नये. त्याने आज्ञा द्यावी, प्रोग्रॅमने ती तपासावी आणि झालेला परिणाम, विशेषतः अपयश, त्याच्या स्मृतीत नोंदवावा. स्मॉलव्हिलमध्ये कॉफीचे यंत्र बंद आहे की चालू, हेही भाषाप्रतिमानासच विचारून ठरविले जाई. दोन दिवसांच्या प्रयोगास ते चालून गेले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या जगात मात्र पक्षकारासच दप्तर लिहावयास देण्यासारखे ते होईल, आणि अशा जगावर केलेल्या निरीक्षणांतून रहिवाशांचे वर्तन कोणते व दप्तराची कल्पनाशक्ती कोणती, हे वेगळे काढता येणार नाही.

खर्चाचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. लॅम्डामूत प्रत्येक प्रोग्रॅमला पायऱ्यांची व सेकंदांची मर्यादा असे. माणूस थकून निघून जातो, कृत्रिम रहिवासी थकत नाही. आणि स्मॉलव्हिलमधील रहिवाशांप्रमाणे तो अतिविनयी असेल, तर आभारप्रदर्शनच रात्रभर चालावयाचे. त्या दोन दिवसांसाठी हजारो डॉलर आणि प्रत्यक्षातले अनेक दिवस खर्ची पडले. म्हणून बोलण्यावरही मर्यादा हवी.

अवघड प्रश्न जुन्या प्रतीकडे परतण्याचा. एका रहिवाशाने दुसऱ्यास किल्ली दिली आणि त्यानंतर यंत्र बंद पडले, असे समजा. प्रतीनुसार किल्ली पहिल्याजवळच आहे. पण आठवणी वेगळ्या साठविल्या असतील, तर दोघांनाही ती दिल्याचे स्मरते. जग व स्मृती यांची प्रत एकाच क्षणी घेतली, तर हा विरोध मिटतो. परंतु त्या खोलीत त्या वेळी माणूस हजर असेल, तर त्याची स्मृती मागे नेता येत नाही. तो किल्लीविषयी विचारणार, आणि दोन्ही रहिवासी प्रामाणिकपणे नकार देणार. अशा मिश्र वस्तीत आठवणी पुसण्याऐवजी तशाच ठेवून, अमुक वेळेपासूनचा काळ दप्तरातून गेला आहे, अशी नोंद प्रत्येक रहिवाशाच्या स्मृतीत घालणे अधिक युक्त होय. किल्ली पुन्हा द्यावयाची की नाही, हे मग ज्याचे त्याने ठरवावे.