पोराचा श्वास मोजा

पौष महिना म्हणजे कोल्हारला भगवतीच्या यात्रेचे दिवस. त्या सुमारास प्रवरेकाठी गारठा असतो, ऊस तोडीला आलेला असतो आणि तोडणीवाल्यांच्या कोप्या शेताकडेला उभ्या असतात. पाचटाच्या त्या कोपीत चूलही तिथेच, धूरही तिथेच आणि तान्हे मूलही तिथेच. या दिवसांत पोरे खोकतात, शिंकतात आणि बहुतेक सारी आपोआप बरी होतात. एखाद्याचे दुखणे मात्र छातीत उतरते. ‘पोट उडतंय’, ‘डबा झाला’ असे आपण म्हणतो. डॉक्टर त्यालाच न्यूमोनिया म्हणतात. आता दहा खोकणाऱ्या पोरांतले हे एक पोर ओळखायचे कसे?

आपला हात पहिल्यांदा जातो कपाळाकडे. अंग तापले का, एवढेच आपण पाहतो. पण तापावरून दुखणे किती जड आहे ते कळत नाही. ताप उतरताच खेळू लागणाऱ्या पोरापेक्षा, अंग कोमट पण धाप लागलेले पोर अधिक धोक्यात असते. तेव्हा नजर कपाळावरून छातीकडे न्यावी.

हे काम साध्या माणसाला जमते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1988 साली खेड्यांतल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकविले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांची एक चौकट केली, शेजारी मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले. मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण मोजण्याने जीव वाचतात, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्यापाशी तर मोबाईलचे घड्याळ आहे. मूल शांत असावे. रडत किंवा पीत असताना मोजू नये. अंगावरचा कपडा वर करा आणि पोट वर आले की एक, असे पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा जास्त, एक वर्षाच्या आतील मुलाचे 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तान्ह्याचा श्वास मुळातच कमीजास्त होतो, म्हणून त्याचा पुन्हा एकदा मोजा.

श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जात असेल, तर मोजत बसू नका, निघा. ओठ निळे पडले, मूल पिईना, पोटात गेलेले सारे उलटून टाकू लागले, झटके आले किंवा हलवूनही धड जागे होईना, तरीही तसेच. हगवणीत डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू बसली, तर तेही याच वर्गातले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मात्र निराळे आहे. त्याला नुसता ताप आला किंवा त्याचे अंग गार पडले, तरी तेवढे कारण पुरे.

अशा वेळी घरात कुणीतरी वडीलधारे म्हणतेच, “उजाडू द्या, मग बघू.” त्यांचा मान ठेवावा, पण पोर धापत असताना उजाडायची वाट पाहू नये. भगवतीला नवस बोलायला हरकत नाही, तो गाडीत बसून बोलावा. पोटावर डाग देऊ नका. झटक्यात कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका; मुलाला कुशीवर वळवा. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते छातीत जाते. पीत असेल तर वाटेत अंगावर पाजा, गारठ्यात लपेटून घ्या, पण नाकतोंड मोकळे ठेवा.

108 हा क्रमांक फुकट लागतो. राज्यात ही गाडी 2014 पासून धावते. कोल्हारकरांना लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. गुरुजींनी हा क्रमांक आणि श्वासांचे ते तीन आकडे शाळेच्या फळ्यावर लिहावेत, तोडणीवाल्यांच्या मुलांकडून कोपीपर्यंत पोचवावेत. आणि निघताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: श्वास किती भरले, किती वाजता मोजले, शेवटचे दूध कधी प्यायले. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.