दम राखून

रस्त्यावर सायकल चालवून दमसास वाढवायचा असेल, तर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं उपकरण म्हणजे सोबतीला असलेला बोलका मित्र. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ, हँडलवर वेगाचा आकडा, हे सगळं नंतर. पेडल मारत असताना आपल्याला मित्राजवळ घरच्या भांडणाची हकीकत पूर्ण वाक्यांत सांगता येते आहे ना? मग वेग बरोबर आहे. उत्तरं 'हो', 'नाही', 'बघू' यावर आली, की आपण जरा जास्तच जोर लावतो आहोत.

पुण्यात नवे सायकलवाले बहुधा खडकवासल्यापासून सुरुवात करतात. पहाटे सिंहगड रस्त्याने जायचं, धरणाच्या भिंतीपाशी चहा प्यायचा आणि वाहनं वाढायच्या आत परतायचं. मोठा चढ नाही, त्यामुळे एका लयीत पाय फिरवण्याचा सराव होतो. जड गिअर लावून रेटत जाणारे इथेच ओळखू येतात. त्यांचे पाय मिनिटाला पन्नासएक फेऱ्या मारतात, मान खाली आणि जबडा आवळलेला. सवयीचा सायकलवाला सपाट रस्त्यावर ऐंशी-नव्वद फेऱ्यांच्या आसपास असतो. हलक्या गिअरमध्ये भरभर फिरणारे पाय बघायला जरा हास्यास्पद वाटतात खरे, पण त्यात मांड्यांवरचा भार कमी होऊन तो हृदय-फुफ्फुसांकडे जातो आणि गुडघे वाचतात.

या निवांत वाटणाऱ्या फेऱ्यांत शरीराच्या आत बरंच काही चाललेलं असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं आणि तोच रस्ता कमी धापेत पार होतो. स्नायूंच्या पेशींतल्या, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया वाढायला आणि स्नायूंत नव्या केशवाहिन्यांचं जाळं पसरायला आणखी काही आठवडे लागतात. स्नायुबंध आणि सांध्यांभोवतीचे अस्थिबंध सगळ्यात संथ. त्यांना महिनेच्या महिने लागतात.

खरा घोळ या वेगवेगळ्या चालींमुळे होतो. दुसऱ्या महिन्यात माणसाला आपण सायकलपटू झाल्यासारखं वाटू लागतं. दम लागत नाही, पिंढऱ्या भरून येत नाहीत, मग अंतर एकदम दुप्पट करावंसं वाटतं. छाती तयार असते, गुडघ्याची वाटी धरून ठेवणारा स्नायुबंध मात्र अजून जुन्याच हिशेबात असतो. सायकलींच्या दुकानात गुडघा चोळत उभे असलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांतले बहुतेक आळशी नव्हते. उत्साही होते. सीट बुटकी असेल तर दुखणं लवकर येतं. टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. एवढ्या साध्या मापाने निम्मं काम होतं, तरी लोक आधी कार्बनच्या चाकांची चौकशी करतात.

आठवड्याचं अंतर दहाएक टक्क्यांनीच वाढवायचं, असा एक ढोबळ नियम सांगतात. तो काही दगडावरची रेघ नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन आठवडे वाढवून चौथ्यात मुद्दाम कमी करणं. शरीर सुधारतं ते विश्रांतीत, पेडल मारताना नव्हे. पण सुट्टीच्या आठवड्यात घरी बसलेल्या सायकलवाल्याइतका चिडका प्राणी दुसरा नसेल.

मग घाट येतो. कोंढव्याकडून येवलेवाडी मागे टाकली, की बोपदेवचा चढ लागतो, सुमारे चार किलोमीटरचा. पुढची ३४ दातांची चक्री आणि मागची ३२ दातांची जुळवली, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच्या आसपास सरकते. मिनिटाला सत्तर फेऱ्या मारल्या तरी ताशी ९ किलोमीटरच्या थोडं वर. शेजारून डंपर धूळ उडवत जातात, मोटरसायकलवरची मुलं उगाच ओरडून हुरूप देतात. इथे जड गिअरचा अभिमान कामाचा नाही. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन अडीचशे मीटर उंच न्यायला शरीराच्या साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. वर पोहोचल्यावर सासवडला जाऊन खाल्लेली मिसळ हा हिशेब सहज बुडवते, आणि बुडवू द्यावी.

लांबच्या फेरीत मात्र खाणं हौसेचं नसतं. जोर लावून चालवल्यास स्नायूंतला साखरेचा साठा दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. एकदा तो संपला की पाय जागीच विरघळतात, डोकंही चालेनासं होतं. म्हणून भूक लागायच्या आधीच खिशातली केळी, खजूर, चिक्की संपवायची.

हे सगळं कुठवर नेता येतं, ते ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांमध्ये दिसतं. तिथे पहिला क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पूर्ण करायचे, बस. भागाकार केला तर चहा, पंक्चर, डुलकी धरून ताशी पंधराच्या आतबाहेर. काही जण याहूनही पुढे जातात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, सुमारे ४,८०० किलोमीटर. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पुरी केली. तिघेही शिक्षणाने डॉक्टर. सराव त्यांना कामाच्या वेळा सांभाळूनच बसवावा लागला असणार.

जूनमध्ये पाऊस येतो, रस्त्यावर खड्डे आणि चिखल, आणि बऱ्याच सायकली गॅलरीत टांगल्या जातात. कमावलेल्यातलं आधी जातं ते आधी मिळालेलंच, म्हणजे रक्तातला वाढीव द्रवभाग. म्हणून ऑक्टोबरात पहिल्याच दिवशी धाप लागते, आणि जुनी मंडळीही निमूटपणे खडकवासल्याच्या सपाट रस्त्यावर परततात. अशाच एका सकाळी चहाच्या टपरीवर एका नव्या मुलाने आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या काकांना विचारलं, "काका, सिंहगड कधी करू?"

काकांनी बशीत चहा ओतला. "आधी बोपदेव चढ. माझ्याशी गप्पा मारत. वर पोचलास की विचार."