हमालीचा खर्च कां?

कित्येक देणगीदार सद्‌गृहस्थ आम्हांस विचारतात कीं, धान्याकरितां दिलेल्या पैशांतून हमाल-मुकादमांच्या खर्चास रक्कम कां पडावी? प्रश्न रास्त आहे.

सन १८७६-७७ च्या दुष्काळांत मद्रासच्या किनाऱ्यावर धान्याच्या राशी पडून होत्या, आणि आंतल्या मुलखांत माणसें मरत होतीं. भाव चढे होते हें खरें. पण तें धान्य पुढें हलविण्याची व्यवस्थाहि अपुरी होती. उलट, सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या खेपेस १० वाघिणी, पाणी सुमारें ५ लक्ष लिटर. कोट्यास वाघिणी धुणारे, मिरजेस भरणारे, लातुरास उपसून घेणारे हे एकमेकांचे अनोळखी. तरी एकाचें काम दुसऱ्याच्या वेळेशीं बांधलेलें होतें.

आमच्या वखारींत आरंभीं तसें नव्हतें. तूट आली कीं तोलाईदार हमालांस, हमाल मोटारवाल्यांस दोष देत. आणि आम्ही वकिली संवयीनें जबान्या घेत बसत असूं, ही आमची चूक. आतां वजन तिघांसमोर होतें, पावतीवर तिघांची निशाणी असते, हमाली त्याच सायंकाळीं चुकती होते आणि उद्यां किती गोण्या येणार हें मुकादमास आदल्या रात्रीं कळतें. तूट अजूनहि येते. परंतु ती कोठें आली हें त्याच दिवशीं समजतें.

यास्तव धान्याबरोबर हमालीचीहि रक्कम द्यावी, अशी विनंती आहे. ज्यांच्या मालमोटारी रिकाम्या उभ्या असतील, त्यांनीं मोटार पाठविण्याचा वार आगाऊ कळवावा.