नोंदवहीत खुर्च्या आहेत, सॉफ्टवेअर नाही

कुठल्याही शाळेच्या ऑफिसात जा, कपाटात एक जाडजूड जडवस्तूसंग्रह नोंदवही सापडेल. डेड स्टॉक रजिस्टर म्हटलं की शिपाईमामांनाही कळतं. बाकं किती, खुर्च्या किती, घंटा केव्हा घेतली, सारं त्यात असतं. संगणकही असतो. पण त्या संगणकात चालणारं सॉफ्टवेअर कुणी घेतलं, किती संगणकांवर चालवायची परवानगी आहे, ती कधी संपते, याची ओळ आमच्या पाहण्यात क्वचितच आली.

परळी-बीड रस्त्यावरचं सिरसाळा घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही मोठं गाव घ्या. झेरॉक्स-डीटीपीचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र, संगणकाचा क्लास, पतसंस्था, सगळीकडे काम संगणकावर आलं आहे. आणि तिथं महिन्याच्या पगारावर बसलेली असतात ती आपलीच मुलं-मुली. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण बोलतो, पण पैसे देऊन मिळते ती वापरण्याची परवानगी. एसटीच्या पाससारखंच समजा. पासवर नाव, मार्ग आणि मुदत असते. थोरल्याचा पास घेऊन धाकट्यानं प्रवास केला तर कंडक्टर खाली उतरवतो. एका संगणकासाठी घेतलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर पाच संगणकांवर चढवणं हे तसंच आहे, फक्त इथं कंडक्टर रोज येत नाही.

मराठी मजकूर जुळवणाऱ्यांना तरी ही गोष्ट नवी नसावी. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवावं लागे. मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीबरोबर एक छोटं कुलूप यायचं, ते संगणकाच्या मागच्या बाजूला लावलं तरच सॉफ्टवेअर चालायचं. ते कुलूप म्हणजेच लायसन्स. हरवलं किंवा जळालं की काम ठप्प. लग्नसराईत पत्रिका छापणाऱ्याला त्याची किंमत बरोबर ठाऊक होती, म्हणून तो ते जपून ठेवी. परवानगी डोळ्यांना दिसत होती तोवर तिची काळजी घेतली गेली. आता ती एका ई-मेलमध्ये किंवा खात्यात असते, आणि तिथंच घोटाळा होतो.

हे खातं बरेचदा दुकानात काम करणाऱ्या पोराच्या स्वतःच्या ई-मेलवर उघडलेलं असतं. पोरगा पुण्याला कामाला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, आणि मालक पुन्हा पैसे भरतो. उलटही घडतं. भंगारात गेलेल्या संगणकाच्या अँटिव्हायरसचं वर्षाचं नूतनीकरण कुणी न पाहता भरत राहतं. नव्या संगणकाबरोबर आलेलं विंडोज साधारणपणे त्या यंत्रापुरतंच असतं, यंत्र मोडीत गेलं की ते दुसऱ्यावर नेता येत नाही, हेही पुष्कळांना उशिरा कळतं. मोजदाद केली तर चोरी थांबते तसे फुकट जाणारे पैसेही थांबतात. छोट्या संस्थेला दुसरा फायदाच जास्त मोठा आहे, असं आमचं मत आहे.

आता कायद्याकडे येऊ. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. १९९४ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १० मे १९९५ पासून लागू झाली, आणि कलम ६३-ब आलं. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. या कलमातला ‘वापरणारा’ हा शब्द आयाबापांनी नीट वाचावा. कलम फक्त मालकाबद्दल बोलत नाही. कीबोर्डवर बसलेलं पोर ‘मला मालकानं सांगितलं’ म्हणेल, पण प्रत बेकायदा आहे हे त्याला ठाऊक असेल तर ते अडचणीत येऊ शकतं. मुलाला नोकरी लागली की आपण पगार विचारतो, सुट्टी विचारतो. संगणकावरच्या वस्तूंची बिलं कुणाकडे आहेत, हेही विचारायला लावा.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. चोरीच्या प्रतीला दुरुस्त्या नीट मिळत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूनं जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, ज्यांनी ती चढवली नव्हती ते सापडले. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पतसंस्थेत मजुराची बचत ज्या संगणकावर नोंदली जाते, त्यात काय चालू आहे हे सभासदानं विचारलं तर त्यात आगाऊपणा नाही.

पैसे नसतील तर? मोफत मार्ग आहे, आणि तो राजरोस आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स आणलं. लिबरऑफिस २०१० पासून आहे, त्यात युनिकोड मराठी व्यवस्थित टाइप होतं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. याही सॉफ्टवेअरला लायसन्स असतं, पण ते प्रती वाटायला मोकळीक देतं. अडचण एकच, जुन्या फाँटमधल्या पत्रिका आणि अर्ज यात सरळ उघडत नाहीत, ते रूपांतर करून घ्यावे लागतात. डीटीपीवाले दादा त्यावरून कुरकुर करतात, ती अगदीच खोटी नाही.

नोंदवहीला फार खर्च नाही. शंभर पानी वही पुरते. संगणकाचा क्रमांक, त्यातलं सॉफ्टवेअर, बिलाची तारीख, किती संगणकांची परवानगी, मुदत, आणि खातं कुठल्या ई-मेलवर आहे, एवढे रकाने आखा. ई-मेल संस्थेच्या नावाचाच ठेवा. वर्षातून एकदा, मार्चअखेर हिशेब लागतात तेव्हा, वही हातात घेऊन एकेका संगणकाशी ताडून पाहा. आणि काम सोडून जाणाऱ्या मुलानं वही व पासवर्ड मालकाच्या स्वाधीन करून त्याची सही घ्यावी, त्या सहीच्या पानाची झेरॉक्स घरी आणावी.