गाडी कुणाची, साल कोणते?

मरोळच्या गावठाणात आमच्या ओळखीच्या एक ईस्ट इंडियन आंटी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, पण कान आणि आठवण दोन्ही शाबूत. एका पावसाळ्यात त्यांच्या घराच्या भिंतीला ओल आली, कपाट सरकवावे लागले आणि कपाटामागून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. डब्यात वीस-पंचवीस फोटो. मला जुन्या फोटोंचा नाद आहे हे त्यांच्या नातवाला ठाऊक होते. त्याने निरोप दिला आणि मी गेलो.

सगळ्यात वरचा फोटो लग्नाचा होता. चौकोनी, कृष्णधवल, कडेने पांढरी किनार. मागे भाताची खाचरे, पुढे धुळीचा रस्ता. रस्त्यावर एक लांबरुंद अमेरिकन गाडी, तिच्या बॉनेटवर फुलांच्या माळा. गाडीपुढे पांढऱ्या झग्यातली नवरी आणि सुटातला नवरा. डाव्या कडेला, मडगार्डवर हात टेकून, एक तिशीतला माणूस ऐटीत उभा.

मी लगेच आपली विद्या पाजळली. म्हटले, "आंटी, ही प्लिमथ गाडी. पुढची काच मधोमध दुभागलेली आहे, नंबर प्लेटवर 'बीएम' ही अक्षरे आहेत. म्हणजे फोटो १९५० च्या आसपासचा. हे तुमचे आईवडील का? आणि हे कडेचे गृहस्थ गाडीचे मालक दिसतात."

आंटी हसल्या. म्हणाल्या, "अरे, नवरी मीच आहे. एकसष्ट सालचं लग्न. आणि तो मालक कुठला? तो माझा मावसभाऊ. कुर्ल्याला मोटारीच्या कारखान्यात होता. गाडी एका दिवसापुरती मागून आणलेली."

साल चुकले, माणसे चुकली, मालकही चुकला. गाडी तेवढी बरोबर ओळखली होती. असे का झाले, याचा मी पुढे बरेच दिवस विचार केला. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

फोटोतल्या गाडीवरून साल ओळखण्याची ही युक्ती मूळची अमेरिकेतली आहे, आणि तिथे ती चालते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या घरगुती फोटोंचा पेटारा उघडला, की दर दोन-तीन फोटोंआड एक गाडी दिसते. नव्या घरापुढे गाडी, समुद्रकिनाऱ्यावर गाडी, नाताळात बर्फाने झाकलेली गाडी, बॉनेटवर बसवलेले बाळ. यात नवल नाही. १९५० साली त्या देशात साधारण १५ कोटी माणसे होती आणि ४ कोटी मोटारी. म्हणजे गाडी जवळजवळ घरटी होती. फोटोत उभे राहायला आपलीच गाडी दारात असे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिथल्या कंपन्या दरवर्षी गाडीचे रूप बदलत. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात हे धोरण रुजवले. जुनी गाडी धडधाकट असतानाच गिऱ्हाइकाला ती जुनाट वाटू लागली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. १९२७ मध्ये हार्ले अर्ल या कलावंताला त्यांनी गाड्यांच्या सजावटीसाठी आणले. १९४८ च्या कॅडिलॅकला मागे माशाच्या परांसारखे छोटे उंचवटे आले. ते दरवर्षी वाढत गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकमध्ये विमानाच्या शेपटीएवढे झाले. मग हळूहळू मावळले. पुढे दोनाऐवजी चार हेडलाइट दिसले, तर गाडी १९५७-५८ च्या आधीची नाही. पुढची काच दोन तुकड्यांची असेल, तर ती बहुधा १९५३ च्या आधीची. अमेरिकन माणूस दर काही वर्षांनी गाडी बदलत असे. त्यामुळे तिथल्या फोटोतली गाडी म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडरच.

आता आपल्याकडे या. अमेरिकन गाड्या मुंबईत नवख्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला. फोर्डही मुंबईत गाड्या जोडत असे. सुटे भाग खोक्यांतून बोटीने येत आणि इथले कामगार ते जुळवून गाडी उभी करत. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे आले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डीसोटो आणि फार्गो ट्रक. मरोळ नाक्यावरून जाणारा अंधेरी-कुर्ला रस्ता पुढे त्याच कुर्ल्यात उतरतो. आंटींचे मावसभाऊ याच रस्त्याने सायकलवरून कामाला जात.

पण हा काळ फार टिकला नाही. १९५३ मध्ये सरकारने ठरवले, की ज्यांची गाडी इथेच बनवण्याची तयारी आहे त्यांनीच राहावे. नुसते जोडकाम चालणार नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. परदेशी गाड्यांची आयात आखडली. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर १९५७ पासून निघू लागली, आणि नवी गाडी घ्यायची म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे आले.

याचा परिणाम फोटोंवर झाला. एक म्हणजे, देशात आधीच आलेल्या अमेरिकन गाड्यांना कुणी मरू दिले नाही. डॉक्टरांकडून त्या व्यापाऱ्याकडे गेल्या, व्यापाऱ्याकडून टॅक्सीवाल्याकडे, टॅक्सीवाल्याकडून गॅरेजवाल्याकडे. सुटा भाग मिळेना, तर लोहाराकडून घडवून घेतला. १९५० सालची प्लिमथ १९६१ च्या लग्नात मिरवली ती यामुळे. दुसरे म्हणजे, इथे बनणाऱ्या गाड्यांचे रूप बदलेनासे झाले. १९६४ साली आलेल्या फियाट डिलाइटचा सांगाडा पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तसाच राहिला. अॅम्बेसेडर तर २०१४ पर्यंत निघत होती. फोटोत अॅम्बेसेडर दिसली म्हणून साल सांगायला गेलात, तर पन्नासेक वर्षांचे माप हाती येते. त्याला अंदाज म्हणत नाहीत.

तेव्हा पहिला धडा असा: आपल्याकडच्या फोटोतली गाडी फक्त एवढेच सांगते, की फोटो यापूर्वीचा नाही. त्यानंतरचा किती, ते गाडी सांगत नाही.

नंबर प्लेटचेही तसेच. मुंबई राज्य होते तेव्हाच्या मुंबईच्या गाड्यांवर 'बीएम'ने सुरू होणारी अक्षरे असत. १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर 'एमआर', 'एमएम' अशी अक्षरे आली आणि १९८९ पासून 'एमएच'. पण जुन्या गाडीने आपला जुना नंबर सोडला नाही. 'बीएम' नंबरची गाडी महाराष्ट्र झाल्यावरही रस्त्यावर होतीच. मी तिथेच फसलो.

मग भरवसा कशावर ठेवायचा? एकाच खुणेवर नाही, चार-पाच खुणांवर मिळून. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे ते पाहा. अमेरिकेतल्या अमेरिकन गाडीचे डावीकडे असते, आपल्याकडे जोडलेल्या गाडीचे उजवीकडे. आपल्या फोटोत ते डावीकडे दिसले, तर एकतर गाडी परदेशातून तशीच आलेली किंवा निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापलेला. नंबर प्लेट उलटी वाचता येते का, यावरून ते लगेच कळते. फोटोचा आकार पाहा. चौकोनी फोटो बहुधा १२० नंबरच्या रोलवरचे, एका रोलमध्ये बारा. आग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना हे आठवेल. रंगीत फोटो लालसर पडला असेल, तर तो बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातला. त्या कागदावरचा निळसर रंग आधी विरतो आणि लाली मागे राहते. अमेरिकेतल्या १९५० च्या पारदर्शिका मात्र अजून टवटवीत दिसतात, कारण त्या कोडॅक्रोम फिल्मच्या, आणि अंधारात ठेवल्यास तिचे रंग फार टिकतात.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न: गाडी कुणाची? अमेरिकन फोटोत तो पडत नाही, आपल्या फोटोत आधी तोच विचारायला हवा. आपल्याकडे गाडीपुढे उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाडीपुढे उभा असतो. साहेबांची, शेजाऱ्यांची, लग्नासाठी मागून आणलेली, नाहीतर भाड्याने घेतलेली टॅक्सी. आरे कॉलनीत सहलीला गेले आणि तिथे उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीला टेकून फोटो काढला, असेही पुष्कळ. हेही नसेल तर जत्रेतला फोटोवाला होताच. त्याच्याकडे रंगवलेली पुठ्ठ्याची गाडी असे. मागे बसायचे, चक्र धरायचे आणि पोटभर हसायचे. गंमत म्हणजे, विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या स्टुडिओंतही अशा खोट्या गाड्या असत. तिथेही एके काळी गाडी हे स्वप्नच होते.

जुन्या अमेरिकेचे रंगीत फोटो पाहून भुलणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. त्यांतले पुष्कळसे 'रोजच्या जगण्याचे' नसून जाहिरातीचे आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात कोडॅक कंपनीने १९५० पासून १९९० पर्यंत १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद रंगीत चित्रे झळकवली. हसरे कुटुंब, चकचकीत गाडी, हातात कॅमेरा. त्या चौकटीत काय नाही, तेही पाहावे. त्याच काळात कृष्णवर्णीय कुटुंबाला गाडी असली तरी प्रवासात रात्री कुठे उतरता येईल याची धास्ती असे. व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने अशा प्रवाशांसाठी १९३६ पासून एक मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. १९५५-५६ मध्ये मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्षभर बसवर बहिष्कार घातला, तेव्हा एकमेकांच्या गाड्यांतून त्यांनी कामावर ये-जा केली. ती गाडीही अमेरिकन जीवनातलीच. म्हणून मी म्हणतो, गाडीपेक्षा गाडीभोवतालची माणसे नीट पाहावीत.

हे मला खऱ्या अर्थाने पटले ते आंटींच्या फोटोमुळेच. नातवाने तो फोटो मोठा करून घ्यायला एका दुकानात दिला. दुकानदाराने चांगल्या हेतूने नवरा-नवरी मधोमध यावीत म्हणून डावी कड कापली. सुबक फोटो तयार झाला, आणि मावसभाऊ गेला. आंटींनी तो पाहिला आणि परत पाठवला. तेव्हा कळले, की त्या भावाचा हा एकच फोटो उरला आहे. लग्नाची गाडी त्यानेच ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मिळवली, आदल्या रात्री जागून पुसली, स्वतः चालवली. लग्न झाले नव्हते, मुलेबाळे नव्हती. त्याला ओळखणारे घरात दुसरे कुणी उरले नव्हते. कात्री चालली असती, तर तो माणूस जगातून दुसऱ्यांदा गेला असता.

कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागी आता मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. 'प्रीमियर रोड' हे नाव तेवढे राहिले आहे. प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. मरोळ नाक्यावर २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते आणि २०२४ पासून जमिनीखालूनही. फोटोतली खाचरे शोधायला गेलो, तर ती नेमकी कुठे होती हे दाखवायलाही आता आंटीच हव्यात.

तेव्हा तुमच्या घरातला डबा खाली काढा. फोटो ओलीच्या भिंतीला लागून ठेवू नका. चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकले असतील तर ओढून काढू नका, आधी पानासकट त्यांचा फोटो घ्या. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते पुन्हा निघत नाही. मोठे करून घेताना 'कड कापू नका' असे बजावून सांगा. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ बसून विचारा: हे कोण, कुठे, कधी, आणि गाडी कुणाची? उत्तर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नको, त्याचे वळ पुढे उमटतात, शाईही फुटते.

आंटींच्या फोटोमागे आम्ही लिहिले: नोव्हेंबर १९६१, मरोळ. मग तिघांची नावे. खाली 'गाडी मागून आणलेली'. डब्यातल्या एकवीस फोटोंना त्या दुपारी नावे मिळाली. एका फोटोत फियाटच्या बंपरवर दोन लहान मुलगे बसले आहेत. ते कोण, हे आंटींना आठवेना. "थोरल्या बहिणीला ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. बहीण आदल्या वर्षीच गेली होती. तो फोटो आम्ही पुन्हा डब्यात ठेवला. त्याची मागची बाजू अजून कोरी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणावरून)