मीठ, तोफा आणि दोन मास्तर

मुलांनो, एक कोडं घालते. ताटातल्या चिमूटभर मिठाचा आणि रणांगणावरच्या तोफेचा संबंध काय?

'काहीच नाही,' असं तुम्ही म्हणाल. पण एके काळी तो संबंध होता, आणि तो आकड्यांनिशी मांडणारा माणूस आपल्या पुण्याचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले! त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. पुण्यात ते आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक आणि मग फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाले. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं होतं.

तेव्हा राज्य इंग्रजांचं. हुकूम लंडनहून यायचा, पण लष्कराच्या खर्चाचं बिल हिंदुस्थानच्या नावावर फाडलं जायचं. १८८२ साली इंग्रजांनी इजिप्तमध्ये लढाई केली, तर त्या खर्चाचाही वाटा आपल्या माथी! १८८५ साली रशियाच्या भीतीने इथलं सैन्य तीस हजारांनी वाढवलं. त्यातच ब्रह्मदेशाची लढाई झाली, रुपयाची किंमतही घसरली. तिजोरीत खड्डा पडला. तो भरायला सरकारने काय केलं? १८८८ साली मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला.

आता जरा गणित करू. अडीच रुपये म्हणजे ४० आणे आणि एक मण म्हणजे ४० शेर. म्हणजे दर शेराला एक आणा नुसता कर! श्रीमंताला त्याचं काय वाटणार? पण ज्याच्या भाकरीबरोबर मीठ-मिरचीशिवाय दुसरं काही नसे, त्याच्या घासातला तो आणा होता.

हा हिशेब तपासायचा कुणी? पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने तिचं एक त्रैमासिक निघू लागलं. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे ताडून पाहायचे आणि चूक दिसली की लिहायचं, असं ते काम. त्यात फार मोठा वाटा होता गणेश व्यंकटेश जोशी यांचा. (सभा स्थापन करणारे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, ते वेगळे बरं का!) हे जोशी सरकारी हायस्कुलांत हेडमास्तर होते. दिवसा शाळा, आणि उरलेल्या वेळात सरकारच्या जमाखर्चाचा अभ्यास!

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला लंडनमध्ये वेल्बी आयोग बसला होता. तिथे साक्ष द्यायला गोखले गेले. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं तीस. साक्षीच्या तयारीत रानडे आणि जोशी यांची मदत होती.

मग आला २६ मार्च १९०२ हा दिवस. कलकत्त्याला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसमोर अंदाजपत्रकावर चर्चा होती. सभासदांना बोलता येई, पण मत देता येत नसे. सरकार खुशीत होतं, कारण तिजोरीत शिल्लक उरली होती. गोखले उभे राहिले आणि त्यांनी त्या शिलकीचंच पितळ उघडं पाडलं. लोक गरीब आणि तिजोरी भरलेली, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. लष्कराबद्दलचा त्यांचा मुद्दा तर फारच सरळ होता. इथलं सैन्य चीनला आणि दक्षिण आफ्रिकेला पाठवूनही देश सुरक्षित राहतो, तर मग तेवढं सैन्य आपल्या गरजेपेक्षा जास्त नाही का?

बघा हं, 'सैन्य नको' असं ते म्हणाले नाहीत. 'हिशेब दाखवा' एवढंच म्हणाले. पुढे १९०३ साली मिठाचा कर मणामागे दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं नाही, मागणी अनेकांची होती. पण आकड्यांपुढे सरकारला उत्तर द्यावं लागलं.

'पण आता तर आपलंच राज्य आहे. आपण निवडून दिलेली माणसं हिशेब बघतात की!' असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्यांच्याकडेही कुणीतरी बघावं लागतं. अमेरिकेतली गोष्ट ऐका.

कळपातली आपली मेंढी ओळखू यावी म्हणून तिच्या कानाला खूण करतात. तिथले खासदार अंदाजपत्रकात तशीच खूण करत, 'एवढे डॉलर अमक्या कामाला' म्हणून. याला 'इअरमार्क' म्हणतात. कधी त्यातून रस्ते झाले, दवाखाने झाले. पण कधी ती खूण लष्कराला सामान पुरवणाऱ्या ओळखीच्या ठेकेदारासाठीही असे. रँडी कनिंगहॅम हे त्यातलेच एक खासदार. ते स्वतः लढाऊ विमानाचे नावाजलेले वैमानिक होते. २००५ साली एका वार्ताहराने जमीनजुमल्याचे सरकारी कागद चाळले. ते कागद कुणालाही पाहता येत होते. त्यांत दिसलं, की एका लष्करी ठेकेदाराने कनिंगहॅम यांचं घर विकत घेतलं आणि पुढे ते सात लाख डॉलर तोटा खाऊन विकलं. घर घ्यायचं आणि एवढ्या तोट्यात विकायचं? पाणी कुठेतरी मुरत होतं! चौकशी झाली, लाच उघडकीला आली. २००६ साली त्यांना आठ वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. २०११ पासून तिथे ही पद्धतच बंद होती. २०२१ साली ती परत आली, पण अटी घालून. आता खासदाराला आपली मागणी लोकांसमोर उघड करावी लागते.

आपल्या राज्यघटनेने मात्र आधीच एक कडी घातली आहे. लोकसभेत सरकारने मागितलेला खर्च खासदार मंजूर करू शकतात, नाकारू शकतात किंवा कमी करू शकतात. वाढवू शकत नाहीत! एखादी तक्रार मांडायची असेल तर खासदार त्या खात्याच्या खर्चात शंभर रुपयांची 'कपात सूचना' आणतात. शंभर रुपयांनी काय होतं म्हणता? त्या निमित्ताने मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. शिवाय खर्च झाल्यावर तो महालेखापरीक्षक तपासतात आणि त्यांच्या अहवालाचा संसदेची लोकलेखा समिती विचार करते.

आणि तुम्हीआम्ही? आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये भरून केंद्र सरकारच्या कार्यालयाला अर्ज करता येतो. देशाच्या सुरक्षेला धोका होईल अशी माहिती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण लष्कराची गुपितं वेगळी आणि पैशाचा हिशेब वेगळा. २०२५-२६ साली देशाच्या संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये ठेवले होते. आपल्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. सीमेवरच्या जवानाला चांगली गोळी मिळायला हवी असेल, तर प्रत्येक रुपया गोळीपर्यंत पोचला पाहिजे. मधल्यामध्ये कुणाच्या घराकडे वळता कामा नये. म्हणून हिशेब मागणं हे जवानाच्या बाजूने उभं राहणंच आहे.

सवय मात्र लहान गोष्टीपासून लावावी. बसथांब्यावर, बागेत 'खासदार निधीतून' अशी पाटी दिसते. खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची स्थानिक कामं सुचवता येतात. पुढच्या वेळी आईबाबांबरोबर जाताना पाटीवरचं नाव वाचून थांबू नका. खर्च किती, काम कधी पूर्ण झालं, हे लिहिलंय का ते बघा. नसेल तर विचारा. जोशी मास्तरांनीही सुरुवात आकडे वाचण्यापासूनच केली होती.